शिंपल्यानं काढलेले मक्याचे दाणे

पावसाळ्यात मक्याची कोवळी कणसं घरात आली की आपण ती भाजतो, उकडतो, किसून उपमा किंवा वडे करतो. हा मका मूळचा अमेरिकेतला. तिथल्या एका बाईनं कोवळं कणीस ओळखण्यापासून ते वर्षभर राखण्यापर्यंतची सगळी रीत सांगून ठेवली आहे. आज तिचीच गोष्ट ऐकू या.

अमेरिकेच्या उत्तर भागात, मिसुरी नदीकाठी हिदात्सा नावाचा आदिवासी समाज राहतो. त्यांच्यात शेत बायकांचं असे. बायसन या रानजनावराच्या खांद्याच्या हाडाची कुदळ करून बायका माती उकरत. त्यातलीच एक वाहीनी. नाव आपल्या वहिनीसारखंच वाटतं, नाही का? इंग्रजीत तिला 'बफेलो बर्ड वूमन' म्हणत. तिचा जन्म १८३९ च्या सुमाराचा.

ती सांगते, कणीस सोलून बघायची गरजच नाही. ताटावरचा तुरा तपकिरी झाला, कणसाचे केस सुकले आणि वरची साल गडद हिरवी दिसली, की कणीस उकडायला तयार समजायचं. एका दिवसात उरकेल तेवढीच कणसं संध्याकाळी तोडायची. दुसऱ्या दिवशी सोलून उकळत्या पाण्यात घालायची आणि अर्धी शिजली की बाहेर काढून निथळत ठेवायची. मग टोकदार काडीनं दाण्यांची एक ओळ सोडवायची. एकदा वाट झाली, की बाकीचे दाणे अंगठ्यानं किंवा नदीतल्या शिंपल्यानं सुटतात. ते उन्हात वाळवून ठेवायचे आणि हिवाळ्यात घेवड्याच्या दाण्यांबरोबर शिजवायचे.

यामागचं कारण आपल्याही कामाचं आहे. कणीस तोडलं की दाण्यातली साखर कमी होत जाते आणि दाणा पिठूळ होतो. उन्हात हे आणखी लवकर होतं. उकळतं पाणी हा बदल थांबवतं. आजच्या स्वीट कॉर्नलाही हेच लागू आहे. म्हणून कणसं उन्हाची न तोडता सकाळी किंवा संध्याकाळी तोडावीत, सावलीत ठेवावीत आणि होईल तितक्या लवकर शिजवावीत.

हे सगळं टिकलं कसं? वाहीनी आपल्या भाषेत बोलली, तिच्या मुलानं इंग्रजीत सांगितलं आणि गिल्बर्ट विल्सन या अभ्यासकानं लिहून घेतलं. १९१७ साली त्याचं पुस्तक झालं. पुढे मिसुरीवर गॅरिसन धरण बांधलं. १९५३ पासून पाणी साठू लागलं आणि हिदात्सा व त्यांच्या शेजारच्या दोन समाजांची सुमारे दीड लाख एकर जमीन त्यात गेली. नदीकाठची सुपीक शेतं बुडाली, लोकांना उंचावरच्या माळावर जावं लागलं. धरणात गाव जाणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कितीतरी बायकांना सांगायला नको.

शेतं गेली, पण सोलण्या-वाळवण्याची रीत कागदावर राहिली. आपल्या गटातही वाळवणं करणाऱ्या, बी राखणाऱ्या आजी आहेत. पुढच्या बैठकीत त्यांच्याजवळ बसा. कोणत्या महिन्यात, किती शिजवून, किती ऊन देऊन, हे सगळं विचारा आणि वहीत लिहून घ्या. वर त्यांचं नावही लिहा.