दोन डबे अळिवाचे लाडू

परवा भाची आणि तिची जोडीदारीण बाळाला घेऊन आल्या. बाळ भाचीच्या पोटचं, पण पाजतात दोघी! गर्भारपण नसतानाही पंप लावून, बाळाला वारंवार चोखायला देऊन आणि डॉक्टरी सल्ल्याने औषधं घेऊन दूध येऊ शकतं, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. रात्री पाळ्या लावतात. अंगावरचं आटू नये म्हणून भाची मात्र त्या वेळीही दूध काढून ठेवते.

शेजारच्या वहिनींनी विचारलंच, "मग खरी आई कोणती हो?"

जन्मभर इतिहास शिकवलेला. मला धाराऊ आठवल्या, पुणे-सातारा रस्त्यावरच्या कापूरहोळच्या. १४ मे १६५७ ला पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. सईबाईंची प्रकृती ढासळलेली, म्हणून धाराऊंनी त्यांना पाजलं. १६५९ मध्ये सईबाई गेल्या. आजही आपण धाराऊंना दूधआई म्हणतो, आणि त्यामुळे सईबाईंचं आईपण उणं होत नाही.

अर्थात धाराऊंना राजघराण्याने बोलावलं होतं. या दोघींनी हे आपणहून ठरवलंय. फरक आहेच. पण एका बाळाला दोन आया, हे आपल्याला नवं नाही.

कागदाचं मात्र अवघड आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, जोडीने दत्तक घेण्याचा हक्कही बहुमताने नाकारला. उद्या शाळेच्या अर्जावर दुसरीचं नाव कुठे लिहायचं?

असो. निघताना मी अळिवाचे लाडू भरले... दोन डब्यांत.