धर्मांतर : तारीख की प्रक्रिया? लक्ष्मीबाई टिळकांच्या श्रद्धेचा एक अभ्यास

प्रस्तावना : एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील धर्मांतरांचा इतिहास बहुधा बाप्तिस्म्याच्या तारखांभोवती मांडला जातो. तारीख नोंदवहीत सापडते. श्रद्धेची जडणघडण मात्र तिच्या अलीकडे-पलीकडे पसरलेली असते. लक्ष्मीबाई टिळक (1868–1936) यांच्या जीवनाच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन : रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी लक्ष्मीबाई माहेरच्या आप्तांकडे होत्या. या घटनेने त्यांचा संसार दुभंगला. विधवा नसतानाही पतीविना राहण्याची विलक्षण अवस्था त्यांच्या वाट्याला आली. काही वर्षांनी त्या मुलासह पतीकडे परतल्या. पण परतल्या त्या हिंदू म्हणूनच. सोवळेओवळे आणि जातीचे निर्बंध त्यांनी सांभाळले. पुढे माणसामाणसांतील जातिभेद ईश्वरनिर्मित नाही, ही जाणीव त्यांच्या मनात दृढ झाली आणि त्यानंतरच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांचे धर्मांतर म्हणजे केवळ पतीचे अनुसरण, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तसे असते, तर पुनर्मीलन आणि बाप्तिस्मा यांत अंतर उरले नसते. हे अंतर हीच त्यांच्या स्वतंत्र विवेकाची साक्ष होय. पतीवरील विश्वासाने त्या घरात आल्या. ख्रिस्तावरील विश्वासापर्यंत मात्र त्यांना स्वतःच्या पायांनी चालावे लागले.

बाप्तिस्म्यानेही अनिश्चितता संपली नाही. 1917 मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ ही कल्पना साकारण्यास आरंभ केला. चरितार्थाचे निश्चित साधन गेले. 1919 मध्ये टिळकांचे निधन झाले. त्यांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. औपचारिक शिक्षण न लाभलेल्या स्त्रीने हे कार्य अंगावर घ्यावे, यातून त्यांच्या श्रद्धेचे स्वरूप दिसते : उद्याची खात्री नसताना आजचे काम हाती घेणे.

मर्यादा : ‘स्मृतिचित्रे’ हे या विषयाचे प्रमुख साधन होय. ते घटनांनंतर सुमारे तीन दशकांनी लिहिले गेले. शिवाय लेखिकेची विनोदबुद्धी दुःखाची धार बोथट करते. त्यामुळे त्यातील मनोवस्था तत्कालीन नोंद म्हणून जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. तथापि स्वतःचे पूर्वग्रह आणि फजिती न लपविणाऱ्या या कथनाची विश्वसनीयता दुर्लक्षिता येणार नाही.

समारोप : लक्ष्मीबाईंच्या बाबतीत श्रद्धा ही संशयाच्या अंती मिळालेली खात्री नव्हती, संशयाच्या काळातही न सोडलेला आधार होती. धर्मांतराच्या अभ्यासकाने म्हणूनच तारखेइतकेच तारखांमधील वर्षांकडेही पाहावयास हवे. तसे न केल्यास नोंदवही हाती राहील आणि माणूस निसटेल.