फूल न दाखवणारी वेल

मनीप्लांट विकत आणायचा नसतो, चोरून आणायचा असतो, हे आपल्याकडे सोसायटी-सोसायटीत ठाऊक आहे. शेजारच्या कुंडीतून पेरभर तुकडा हळूच खुडायचा, रिकाम्या बाटलीत पाणी भरून त्यात सोडायचा आणि बाटली खिडकीत ठेवायची. काही दिवसांत पेरातून पांढरी मुळं फुटतात. पैशाचं मग बघू. गंमत म्हणजे, ज्या वेलीला आपण लक्ष्मीशी जोडलं तिला इंग्रजीत ‘डेव्हिल्स आयव्ही’, म्हणजे सैतानाची आयव्ही म्हणतात.

यातला आयव्हीचा भाग तसा उसना आहे. खरी आयव्ही म्हणजे युरोपातल्या जुन्या भिंतींवर चढलेली हेडेरा. तिची एक बहीण हिमालयात आढळते. मनीप्लांटचं तिच्याशी काही नातं नाही. लोंबणारी, भिंतीला धरून चढणारी, बारमाही हिरवी एवढ्या साम्यावर नाव चिकटलं. सैतान मात्र कमावलेला आहे. वेल अंधाऱ्या जिन्यात ठेवा, पाणी घालायला विसरा, ती हिरवीच राहते. अंधारात तिच्या पानांवरचे सोनेरी शिंतोडे तेवढे विरत जातात.

हे शिंतोडेच तिच्या शास्त्रीय नावात बसले. १८८० साली बेल्जियममधले वनस्पतींचे मोठे व्यापारी जाँ लिंडेन आणि फ्रेंच उद्यानतज्ज्ञ एदुआर आंद्रे यांनी तिला ‘पोथॉस ऑरियस’ म्हटलं. ऑरियस म्हणजे सोनेरी. पोथॉस हा शब्द मूळचा सिंहली, ‘पोथा’वरून आलेला. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने श्रीलंकेतून आलेल्या वेलींसाठी तो घेतला होता. नव्या वेलीचा मुलूख म्हणून सॉलोमन बेटांचं नाव नोंदवलं गेलं. आज मात्र तिचं मूळ घर पॅसिफिकमधलं मोरेआ हे छोटं बेट मानतात.

१९०८ मध्ये एंगलर आणि क्राउझे या जर्मन शास्त्रज्ञांनी तिला पोथॉसमधून काढून ‘सिंडॅप्सस’ प्रजातीत टाकलं. आयुर्वेदातली गजपिंपळी याच प्रजातीतली, म्हणजे काही दशकं आपला मनीप्लांट कागदोपत्री गजपिंपळीचा भाऊ होता. आणि सिंडॅप्सस हे तरी काय? प्राचीन ग्रीकांचं आयव्हीसारख्या एका वेलीचं नाव. आयव्ही अशी मागच्या दाराने पुन्हा आत आली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आपली वेल ‘रॅफिडोफोरा’त गेली, म्हणजे सुया बाळगणारी. आणि १९६४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ बंटिंग यांनी तिला ‘एपिप्रेम्नम’मध्ये नेलं, म्हणजे झाडाच्या खोडावर राहणारी. आज तिचं अधिकृत नाव ‘एपिप्रेम्नम ऑरियम’.

एवढी धावपळ कशासाठी? वनस्पतिशास्त्रात प्रजाती ठरते ती मुख्यतः फुलावरून. सिंडॅप्ससच्या फुलात बीजांड एकच, एपिप्रेम्नममध्ये काही, रॅफिडोफोरात पुष्कळ. आणि ही बया सहसा फुलतच नाही! ऐंशी वर्षं शास्त्रज्ञ पानांकडे बघून अंदाज बांधत होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला फूल हाती लागलं आणि मगच प्रकरण मार्गी लागलं.

पानांवर विसंबणं तर आणखी फसवं, कारण आपण घरात पाहतो ते तिचं पोरवयातलं पान. कुंडीतून लोंबणारी वेल तळहाताएवढी, बदामी पानं देते, आणि जितकी खाली लोंबेल तितकी ती बारीक होत जातात. तीच वेल बागेतल्या एखाद्या आंब्याच्या किंवा माडाच्या बुंध्याला लागू द्या. पेरापेरातून निघालेली तपकिरी मुळं सालीला घट्ट धरतात, खोडाची जाडी मनगटाकडे झुकते, पान हाता-दीडहाताचं होतं आणि कडेपासून शिरेपर्यंत फाटत जातं. खाली उभं राहून वर पाहिलं तर हा मनीप्लांट आहे यावर विश्वास बसत नाही. वेल खाली लोंबू दिली की पैसाही घसरतो, ती वरच चढवावी, असं वास्तुवाले सांगतात. पैशाचं मी त्यांच्यावर सोडतो. पानांपुरतं त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे.

‘मनी’ मात्र तिच्या एकटीचा नाही. लुनारिया नावाच्या एका रोपालाही इंग्रजीत मनीप्लांट म्हणतात. त्याच्या वाळलेल्या शेंगांचे पातळ पडदे हुबेहूब चांदीच्या नाण्यांसारखे दिसतात. गोल पानांची पायलिया ही ‘चायनीज मनीप्लांट’. आपल्या वेलीत नाण्यासारखं काही नाही, पण सोनं आहे: चिनी भाषेतही तिचं एक नाव सोन्याच्या वेलीच्या अर्थाचं आहे.

सुयांचं नाव गेलं तरी सुया राहिल्या. मनीप्लांट अळवाच्या कुळातला. अळू, सुरण, पावसाळ्यातली शेवळं हे त्याचे भाऊबंद, आणि घसा खाजवण्याचा गुण सगळ्यांचा सारखा. पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. अळवाला आपण चिंच घालतो, शेवळांना काकडाची फळं लागतात. मनीप्लांटवर असा उतारा कोणी शोधलेला नाही, तेव्हा लहान मुलं आणि मांजरांपासून तो लांब ठेवलेला बरा.

ज्या सिंहली शब्दाने तिचं पहिलं बारसं झालं, त्या भाषेच्या मुलखात ती आता उपद्रवी ठरली आहे. कँडीतल्या उडवत्तकेले जंगलात तिने जमिनीवर जाड गालिचा पसरून खालची रोपं गुदमरवली आहेत. हा सगळा पसारा एका फुलाशिवाय, एका बीशिवाय, नुसत्या तुकड्यांवर.

फूल का येत नाही, याचा उलगडा २०१६ मधल्या एका संशोधनातून झाला. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारं एक जनुक या वेलीत नीट काम करत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारलं तेव्हा वेलीने फुलोरा धरला. रोपवाटिकावाल्यांना त्याचं काही पडलेलं नाही; एक पेर, एक पान आणि थोडं पाणी यावर त्यांचा धंदा मजेत चालतो. जगभरातल्या रोपवाटिकांत कुंडीवरच्या चिठ्ठीवर अजूनही ‘पोथॉस’च लिहिलेलं सापडतं.