उरलेला कॉम

कॉमर्सच्या पदवीधराचा कलेशी संबंध काय, हा प्रश्न आमच्या घरात वरचेवर निघतो. यापुढे निघाला की मी शांतपणे सांगणार आहे, कुर्ट श्विटर्स!

हा गृहस्थ जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. जन्म १८८७. पहिल्या महायुद्धात एका लोखंडाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. १९१९ साली त्याने रंगांच्या जोडीला कागदाचे कपटे आणि टाकाऊ वस्तू डकवून एक चित्र केलं. कपट्यांत एका बँकेची जाहिरात होती. तिच्यातला 'कॉमर्झ' म्हणजे आपलं कॉमर्सच. कातरताना 'कॉम' गेलं, 'मर्झ' राहिलं. या शब्दाला अर्थ काहीच नव्हता. म्हणून की काय, त्याने पुढे आपल्या साऱ्या कलेला तेच नाव दिलं. गेलेल्या 'कॉम'चं काय झालं याची इतिहासात नोंद नाही. पण माझी खात्री आहे, तो विद्यापीठाने उचलला आणि आमच्या 'बी'ला डकवला. कला तिकडे राहिली, कॉम आमच्या वाट्याला आला.

ट्रामची तिकिटं, मिठाईचे कागद, टपालाची पाकिटं, बटणं, दोऱ्या, लोकांनी टाकलेलं सगळं हा उचलायचा. लढाई हरलेल्या देशात धड काही उरलं नव्हतं, तेव्हा नवं उभारायचं ते तुकड्यांतूनच, असं त्याचं म्हणणं. आणि खरंच आहे. ट्रामचं तिकीट प्रवास संपला की फुकट. पण कुणीतरी कुठूनतरी कुठेतरी गेलं होतं याचा तेवढाच पुरावा असतो. बँकेतही आम्ही जुनी व्हाउचरं जपतो, पण ती ऑडिटरच्या धाकाने. मुदत संपली की गठ्ठे बाहेर. श्विटर्सला ऑडिटर नव्हता. तो नुसत्या मायेने जपायचा.

१९२३च्या नोव्हेंबरात तर एका डॉलरला सुमारे ४ लाख २० हजार कोटी मार्क पडू लागले. कॅशियर मंडळींनी नोटा मोजल्या की तागडीत घातल्या, देव जाणे. नोटांची रद्दी झाली आणि इकडे श्विटर्सच्या रद्दीला फ्रेम लागली!

त्याने आपलं राहतं घरही असंच आतून चिकटवत, बांधत नेलं. त्यात मित्रांच्या नावाने कोनाडे. कुणाची केसांची बट, कुणाची पेन्सिल, त्यांत जपून ठेवलेली. याच्याकडे चहाला गेलेला माणूस निघताना खिसे चाचपत असणार. मजा म्हणजे १९२९पासून हॅनोव्हर नगरपालिकेचे छापील फॉर्म बेतायचं काम याच्याचकडे होतं. कागद फाडणाऱ्याच्याच हाती फॉर्म!

मग सरकार बदललं, आणि नव्या सरकारची मर्झवर मर्जी नव्हती. १९३७ साली म्युनिकला 'भ्रष्ट कले'चं प्रदर्शन भरवलं, त्यात ते पहिलं मर्झ-चित्र लोकांनी हसावं म्हणून वाकडं टांगलं. पुढे ते सापडलंच नाही. त्याच साली श्विटर्स नॉर्वेला पळाला, १९४० साली तिथून ब्रिटनला. ब्रिटिशांनी तो जर्मन म्हणून आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबला. तिथे हातात काही नाही, तर पठ्ठ्याने न्याहारीच्या लापशीचे पुतळे केले. त्यांवर हिरवी-निळी बुरशी चढली आणि वास सुटला. छावणीत हे रंग सरकारी खर्चाने मिळाले, एवढंच समाधान. इकडे १९४३ साली हॅनोव्हरवर बाँब पडले, त्यात ते कोनाड्यांचं घर गेलं. मागे राहिलेली बायको १९४४ साली गेली.

सुटल्यावर पुढे तो इंग्लंडातल्या ॲम्बलसाइड या छोट्या गावी राहिला. पोटासाठी लोकांची तोंडं रंगवायची, आणि जिवासाठी चिकटवायचं. अमेरिकेतल्या जुन्या मैत्रिणीने चित्रकथांचे कागद पाठवले, तेही १९४७ साली त्याने चित्रात डकवले. पुढे दहा-पंधरा वर्षांनी जगभर अशीच चित्रं नवीन म्हणून गाजली. त्याच वर्षी एका कोठाराच्या भिंतीवर त्याने पुन्हा सुरुवात केली. ती एक भिंत १९६५ साली उचलून न्यूकॅसलच्या विद्यापीठात नेली. अजून तिथे आहे.

उभा जन्म कागद गोळा केलेल्या या माणसाचा एकच कागद अडला होता, ब्रिटिश नागरिकत्वाचा. तो मंजूर झाल्याचं ७ जानेवारी १९४८ला कळलं. ८ तारखेला तो वारला. तेवढा एक कागद चिकटवायचा राहून गेला.