पट जिंकणारा बैल आणि वंश चालवणारा वळू

गोवंशातील नराला मराठी शेतकऱ्याच्या भाषेत एकच एक नाव नाही. वासराचा गोऱ्हा होतो, गोऱ्ह्याचा खोंड होतो आणि तिथून वाट दुभंगते. ठेचला तर तो बैल. राखला तर वळू. देवाच्या नावाने मोकळा सोडला तर पोळ. शब्दकोशात हे शब्द एकमेकांच्या शेजारी निमूट बसलेले दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये एक निर्णय उभा आहे: कष्ट कोणी करायचे आणि वंश कोणी चालवायचा. हा निर्णय शर्यतीच्या संदर्भात तपासला, तर आपल्या ग्रामीण इतिहासातील एक विसंगती हाती लागते. ज्याच्या वेगाचे कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या केले, त्याचा वेग पुढच्या पिढीकडे जाण्याची सोय मात्र आपण क्वचितच ठेवली.

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात किन्हीराजा आहे. हे गाव ज्या वऱ्हाडात येते, तिथे बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट त्यांतला विशेष नावाजलेला. सुगी आटोपली की संक्रांतीच्या सुमारास पटांचे दिवस येतात. हलक्या दोनचाकी गाडीला जोडी जुंपलेली, गाडीवर धुरकरी, समोर आखलेली सरळ वाट, आणि निकाल सेकंदांच्या अंशांवर. पश्चिम महाराष्ट्रातील शर्यतींची रीत वेगळी. तिथे आदत, दुसा, चौसा असे दातांवरून वयाचे गट पाडतात आणि मैदानावर खिल्लार जनावरांचे वर्चस्व असते. दोन्हीकडे जिंकणाऱ्या जनावराचे नाव पंचक्रोशीत होते, त्याची किंमत वाढते आणि मालकाला प्रतिष्ठा मिळते.

या प्रतिष्ठेतून वंश मात्र आपोआप निर्माण होत नाही. त्याची कारणे व्यवस्थेतच आहेत. पहिले कारण क्रमाचे. औताला आणि गाडीला धरायचा खोंड आवरता यावा म्हणून तो ठेचण्याचा प्रघात आहे आणि हे साधारणपणे ऐन उमेदीच्या आधीच उरकले जाते. म्हणजे पुरावा हाती येण्यापूर्वीच निवाडा झालेला असतो. पटावर त्याचे गुण दिसतात, तेव्हा ते पुढे देण्याची त्याची शक्ती संपलेली असते. दुसरे कारण जोडीचे. पटाची वेळ दोन बैलांची आणि एका धुरकऱ्याची मिळून असते. जूं एकच असल्यामुळे त्यातला कोणता बैल ओढणारा आणि कोणता ओढला जाणारा, हे सेकंदांच्या आकड्यावरून कळत नाही. तिसरे कारण स्मृतीचे. बैलाचे नाव, मालकाचे नाव, गावाचे नाव लोकांच्या तोंडी राहते. त्याची आई कोण, तिची इतर वासरे कशी निपजली, हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही.

न ठेचलेले खोंडही शर्यतीत उतरतात, विशेषतः खिल्लारच्या प्रदेशात, आणि नाव कमावलेल्या खोंडाला वळू म्हणून मागणी येते, हे खरे. पण विजेता वळू झाला की प्रश्न सुटतो का? याचे उत्तर शोधण्यासाठी, जिथे धावणारा नर राखला गेला आणि त्याची संतती नोंदवलीही गेली, अशा ठिकाणी पाहावे लागते. अमेरिकेतील घोडागाडीच्या शर्यती हे त्याचे उत्तम उदाहरण. तिथेही जनावर हलक्या दोनचाकी गाडीला जुंपलेले असते. त्याने चौखूर उधळायचे नसते, ठरलेली चाल मोडायची नसते.

या घोड्यांचा आदिपुरुष हॅम्बल्टोनियन. त्याचा जन्म १८४९ साली न्यूयॉर्क राज्यातील ऑरेंज परगण्यात झाला. विल्यम रिस्डिक नावाच्या एका शेतगड्याने तो आणि त्याची लंगडी आई अशी दोन जनावरे मिळून १२५ डॉलरला विकत घेतली. हा घोडा शर्यतींत असा धावलाच नाही. पण १८७६ साली मरेपर्यंत त्याला १,३३१ शिंगरे झाली आणि आज अमेरिकेतील या जातीच्या जवळजवळ सर्व घोड्यांची पितृपरंपरा त्याच्या चार मुलांमार्फत त्याच्यापर्यंत पोचते. १९२६ पासून भरणारी तिथली सर्वांत मानाची शर्यत त्याच्याच नावाने ओळखली जाते. न धावलेल्या घोड्याच्या नावाने शर्यत!

याउलट डॅन पॅच. १८९६ साली जन्मलेला हा घोडा अमेरिकेत घराघरात माहीत झाला होता. १९०५ साली त्याने एक मैल अंतर १ मिनिट ५५.२५ सेकंदांत कापले. त्याच्याकडून संततीही घेतली गेली. पण त्याच्या तोडीचा एकही मुलगा निघाला नाही. तिसरे उदाहरण आपल्या बैलांच्या सर्वांत जवळचे आहे. ग्रेहाउंड या घोड्याने १९३८ साली दुडक्या चालीत मैलाची तेवढीच वेळ नोंदवली आणि तो उच्चांक १९६९ पर्यंत टिकला. परंतु तो खच्ची केलेला होता. त्याच्या वेगाचा वारसा केवळ कागदावर राहिला.

या तीन चरित्रांवरून एवढे दिसते की स्वतः धावणे आणि धावणारी संतती देणे हे दोन निराळे गुण आहेत. ते कधी एकत्र येतात, कधी येत नाहीत. वेगात वंशाचा वाटा असतो, तसाच खुराकाचा, मेहनतीचा, हाताळणीचाही असतो. वंशाच्या वाट्यातला अर्धा आईकडून येतो. म्हणून नराची परीक्षा शेवटी त्याच्या मुलांवरून होते आणि तिला पुष्कळ मुले व चोख नोंदी लागतात. १८७९ साली अमेरिकेत या जातीच्या नोंदवहीचे निकष ठरले, तेव्हा मैलाला अडीच मिनिटांचे प्रमाण पाळणाऱ्या घोड्याला प्रवेश मिळालाच, शिवाय ज्याची संतती ते प्रमाण गाठते त्यालाही मिळाला. त्या वहीचे शहाणपण या दुसऱ्या कलमात आहे. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी: हॅम्बल्टोनियनची आई इतिहासात ‘चार्ल्स केंटची घोडी’ एवढ्याच ओळखीने उरली. तिला स्वतःचे नावही मिळाले नाही.

आपल्या परंपरेत मात्र या आईची आठवण फार जुनी आहे. पारस्कर गृह्यसूत्रात वृषोत्सर्गाचा विधी आहे. सोडायचा वृषभ सर्वांगांनी परिपूर्ण आणि कळपात देखणा असावा, असे तिथे सांगितले आहेच. पण तो दुभत्या आणि जिची वासरे जगतात अशा गाईचा मुलगा असावा, अशीही अट आहे. त्याला तरुण गाईंसह मोकळे सोडायचे. पुढे हा विधी मुख्यतः मृताच्या अकराव्या दिवसाशी जोडला गेला आणि त्याचा पारलौकिक अर्थ ठळक झाला. तरी त्या अटीत पैदाशीचे एक व्यवहारज्ञान आहे, हे नाकारता येत नाही. निवड वळूची, पण कसोटी त्याच्या आईची. असा वृषभ कोणा एकाचा नसे. तो गावच्या गायरानावर चरे. गायराने आक्रसली, ट्रॅक्टर आले, बैलांची गरज घटली, तसा या सामायिक वळूचा आधारही सुटत गेला.

या पार्श्वभूमीवर अलीकडचा वाद वाचायला हवा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. शर्यती टिकल्या तर देशी जाती टिकतील, हा शर्यतीच्या बाजूचा एक प्रमुख युक्तिवाद होता. त्यात तथ्य आहे, पण अर्धे. शर्यतीमुळे मागणी टिकते. गोऱ्ह्याला किंमत आली की शेतकरी गाय पाळतो. मागणी म्हणजे मात्र जोपासना नव्हे. बक्षीस ठेचलेल्या बैलाला, भाव खोंडाला आणि नोंद कोणाचीच नाही, अशी स्थिती राहिली तर खिल्लार काय, वर्ध्याकडची गवळाऊ काय, नावापुरत्याच उरतील. शिवाय वेग हाच एकमेव निकष झाला, तर उन्हात दिवसभर औत ओढण्याची चिवटपणाची पुंजी हळूहळू हातची जाईल. जनावराला होणाऱ्या यातनेचा प्रश्न यापलीकडे स्वतंत्रपणे उभा आहेच. जातीच्या रक्षणाचे कारण पुढे करून चाबकाचे आणि पराण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

यावरचा उपाय खर्चिक नाही. पटाच्या वहीत वेळेशेजारी दोन रकाने वाढवावेत: बैलाचा बाप कोण आणि आई कोणत्या घरची. जिंकणाऱ्या बैलाचा न ठेचलेला भाऊ राखावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची आई कसायाच्या दावणीला जाऊ देऊ नये. पोळ्याला आपण बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावतो, कारण त्याच्या खांद्यावर घर चाललेले असते. ते योग्यच आहे. पण तो खांदा ज्या गाईकडून आला, ती गोठ्याच्या कोपऱ्यात त्या दिवशीही अनामिकच उभी असते.