किल्ल्यावर दळणारी बाई कोण होती?

दिवाळीत चिखली-मोशी भागातल्या सोसायट्यांमध्ये फिरलात, तर पार्किंगच्या कोपऱ्यात मातीचे किल्ले दिसतात. वर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याशी गवळण, शेतकरी आणि जात्यावर दळणारी एक बाई. अशाच एका किल्ल्यापाशी एका मुलीने विचारलं, "ही कोण?" कुणीतरी लगेच सांगितलं, "मावळ्याची बायको." मी पेशवाईतल्या कागदांवर काम करतो, तरी गप्प बसलो. उत्तर मला माहीत होतं आणि नव्हतंही.

माहीत होतं ते असं. अठराव्या शतकात किल्ल्यांवर आणि सरकारी कोठ्यांत दळण-कांडण करणाऱ्यांत, पागेत आणि दारूखान्यात राबणाऱ्यांत 'कुणबिणी' असायच्या. इथे नवा संशोधक हमखास फसतो. आज आपण कुणबीण म्हणजे कुणबी शेतकऱ्याची बायको असं वाचतो. पेशवाईच्या दफ्तरात मात्र हा शब्द बऱ्याचदा गुलाम स्त्रीसाठी येतो, 'बटीक' येतो तसाच. कुणी विकत घेतलेली, कुणी स्वारीत धरून आणलेली, तर कुणी बदकर्माच्या आरोपावरून शिक्षा म्हणून सरकारजमा झालेली. तिला पोटाला धान्य आणि अंगाला कपडा मिळे. तिची खरेदी-विक्री होई, तिला बक्षीस म्हणूनही देता येई.

मग त्या मातीच्या बाईखाली 'गुलाम' अशी चिठ्ठी लावायची का? इतकं सोपं नाही.

पहिली अडचण काळाची. आपल्या भागातली मुलं किल्ला करतात ती बहुतेक शिवकाळ डोळ्यांसमोर ठेवून. उदाहरणार्थ चाकणचा संग्रामदुर्ग. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाइस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. शंभर वर्षांनंतरचा पुरावा उचलून १६६० च्या तटबंदीत ठेवणं म्हणजे कालविपर्यास.

शिवकाळाबद्दल आपल्याकडे वेगळा कागद आहे. कर्नाटक मोहिमेच्या वेळी, १६७७ मध्ये, महाराजांनी डचांना दिलेल्या कौलात गुलामांच्या खरेदी-विक्रीला मनाई केली. हा कागद दोन गोष्टी सांगतो: राज्यकर्त्याची भूमिका, आणि त्या मुलखात हा व्यापार चालत होता हे. घरोघरच्या बटकींबद्दल तो काही सांगत नाही. आणि पुढच्या शतकात ही भूमिका टिकली नाही, कारण तेव्हा खुद्द सरकारी कारखान्यांतच कुणबिणी राबत होत्या. एकाच कागदावरून अख्ख्या दोन शतकांचा निकाल लावायचा नसतो, अभिमानाचाही नाही आणि आरोपाचाही नाही.

दुसरी अडचण दाखवण्याची. अमेरिकेत कलोनियल विल्यम्सबर्ग हे जिवंत संग्रहालय आहे. तिथे १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रसंग उभा केला गेला. नागरी हक्क संघटनांनी निदर्शनं केली. त्यांचं म्हणणं होतं, आमच्या पूर्वजांच्या वेदनेचा तमाशा नको. प्रसंग बसवणाऱ्या क्रिस्टी कोलमन स्वतः कृष्णवर्णीय होत्या आणि लिलावात उभ्या राहिलेल्यांपैकी एक भूमिका त्यांनीच केली. त्यांचं म्हणणं, झाकून ठेवलं तर शिकणार काय? प्रयोग पाहून एका विरोधकाने मत बदलल्याचंही सांगितलं.

आपल्याकडे असा वाद झालेला नाही. आपले वाद वेगळे. २०२५ साली 'छावा'च्या ट्रेलरमध्ये संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले, त्यावरून गदारोळ झाला आणि प्रसंग काढला गेला. थोरांच्या प्रतिमेला धक्का लागला की आपण बोलतो. दळणारी बाई चुकीची दाखवली म्हणून कुणी मोर्चा काढत नाही.

का? मला वाटतं, विल्यम्सबर्गमध्ये दोन्ही बाजूंना त्या गुलामांना आपले पूर्वज मानणारी माणसं होती. आपल्याकडे कुणबिणींची मुलंबाळं वेगवेगळ्या समाजांत मिसळून गेली. 'मी बटकीचा वंशज' असं सांगणारं घर मला तरी भेटलेलं नाही. तिच्या वतीने दुखावणारं कुणी नाही आणि तिला दाखवा म्हणणारंही कुणी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतली गुलामी मोडून काढणाऱ्यांना अर्पण केलं. तेव्हापासून हा शब्द मराठीत मोठा झाला, पण जातीच्या दास्याच्या अर्थाने. विकत घेतलेली बाई त्या मोठ्या अर्थाआड आणखीच दिसेनाशी झाली.

संशोधनाकडे वळणाऱ्यांना म्हणून एवढंच सांगतो. वाद नाही म्हणजे प्रश्न नाही, असं समजू नका. कागदात किंवा देखाव्यात राबणारं माणूस दिसलं की दोन गोष्टी विचारा: याला मोबदला कोण देत होतं? आणि काम सोडून जायची याला मुभा होती का? उत्तर त्याच काळाच्या कागदात शोधा.

त्या मुलीला मी आता सांगेन, "ही किल्ल्यावर काम करणारी बाई. ती आपल्या मर्जीने आली होती का, ते शोधायचं राहिलंय."