दोराच्या टोकाची गाठ

फरीदाबादजवळच्या धौजला रविवारी सकाळी कडा उतरण्याआधी मी मोठ्याने म्हणतो: हार्नेस, कॅराबिनरचं कुलूप, प्रुसिक, टोकाची गाठ. म्हणताना एकेकाला हात लावतो. दिल्लीतल्या पोरांना आधी वाटायचं, सर रामरक्षा म्हणतायत.

ही सवय काही मला सह्याद्रीने लावली नाही. ऐंशीच्या दशकात पुण्याहून जाऊन आम्ही रॅपलिंग करायचो ते दोर मांडीखालून घेऊन, छातीवरून खांद्यावर टाकून. हान्स ड्युल्फर या जर्मन गिर्यारोहकाच्या नावाने ती पद्धत ओळखतात. तो १९१५ मध्ये महायुद्धात मारला गेला, पण त्याची पद्धत सत्तर वर्षांनंतरही आमच्या माना भाजत होती. मानेवरचा चट्टा सोमवारी कॉलेजात मिरवायचा. हात सुटला तर सावरायला काही नव्हतं, आणि त्याचाच अभिमान होता. वाढलोच होतो त्या गोष्टींवर. १६७० चा सिंहगड, तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरले आणि सूर्याजीने सांगितलं की दोर कापलेत. हिरकणी तर बिनदोराची उतरली!

खरं तर दोरावरून उतरण्याचं हे तंत्र जन्मलं माघारीत. शामोनीचा वाटाड्या जाँ शार्ले १८७६ मध्ये पती द्र्यूच्या सुळक्यावर एकटाच गेला, माथा काही गाठता आला नाही. दुहेरी दोरावरून उतरायचं आणि मग एक टोक ओढून दोर खाली घ्यायचा, ही युक्ती त्याच्या नावावर आहे. सुळका त्याने सर केला तो १८७९ मध्ये. प्रुसिकची गाठ गिर्यारोहणात आली १९३१ मध्ये, ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिककडून. त्याआधी पहिल्या महायुद्धात वाद्यांच्या तुटलेल्या तारा त्याने या गाठीने जोडल्या, असं सांगतात. बारीक दोरीचे वेढे जाड दोरावर घ्यायचे. भार आला की आवळतात, गेला की सरकतात.

नोकरीमुळे दिल्लीला आलो तेव्हा ही गाठ आठाच्या वर बांधायचो. आठ म्हणजे ज्यातून दोर घसटत सुटतो तो धातूचा आकडा. पण घाबरलेला माणूस नेमकी गाठच मुठीत धरतो, आणि मूठ सुटत नाही तोवर गाठ आवळत नाही. आवळलीच तर कधी हाताच्या टप्प्याबाहेर, मग बसा लोंबकळत. पुढे गाठ आठाच्या खाली, मांडीच्या पट्ट्याला आली आणि आठ स्लिंगने थोडा वर गेला. वीतभराचा बदल, पण तो अंगवळणी पडायला माझी दहा वर्षं गेली.

धौजचा खडक क्वार्टझाइट, कडा धारदार. त्यात खाली विलायती कीकर. फेकलेला दोर हमखास काट्यांत अडकतो. एका डिसेंबरात धुक्यात मी दोराचा मध्य चुकलो. एक बाजू आखूड राहिली होती आणि वरून ते दिसत नव्हतं. उतरता उतरता आठ खटकन थांबला. टोकाची गाठ! पाय जमिनीपासून दोन पुरुष वर. खाली कुणीतरी चहा ओतत होतं, त्याचा आवाज ऐकू येत होता.

त्या दिवशी चहा पिताना पोरांना सिंहगडाची गोष्ट सांगितली. एकाने विचारलं, "सर, रस्सी काट दी, तो नीचे कैसे उतरे?"

"दरवाज़े से," मी म्हटलं. "क़िला जीत लिया था ना."